नामान, टिटवाळा आणि पप्पांची चार मिनिटं

पप्पांवर मी अजून चिडलेली आहे.
आज त्यांना जाऊन वर्ष झालं, तरी.

माझे पप्पा कल्याणला रेल्वेत फिटर होते. राहायला विठ्ठलवाडीत. "पत्ताच विठ्ठलवाडी, येशूने मुद्दाम ठेवलंय इथे," असं स्वतःच म्हणायचे. आमच्या चर्चमध्ये तीस वर्षं पंच, आणि रविवारी मोठ्यांचा बायबल क्लास घ्यायचे. सगळे त्यांना सर म्हणायचे.

त्यांचा आवडता धडा नामानाचा.

नामान हा परदेशी सेनापती. कोड होतं, देवाने बरं केलं. म्हणाला, यापुढे दुसऱ्या कुठल्या देवाला नमणार नाही. पण एक अडचण आहे. माझा राजा त्याच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो. तो वाकला की मलाही वाकावं लागतं. तेवढं माफ होईल का?

अलीशा संदेष्टा एवढंच म्हणाला, "शांतीने जा."

ना हो, ना नाही. आता यावर चर्चमध्ये किती भांडणं झालीत विचारू नका. काही म्हणतात, ही सूट दिली. पप्पा ठणकावून सांगायचे, सूटबीट काही नाही, नुसता निरोप दिला. आज्ञा म्हणजे आज्ञा.

आणि मी, त्यांची पोरगी, लग्न केलं कोपरच्या नितीनशी. घरात गणपती.

पप्पांनी ते गिळलं. माझा संडे स्कूलचा वर्ग चालू राहिला. अकरा पोरं होती. माझा जीव होता त्या वर्गात.

मग सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. बऱ्या झाल्यावर एकच धोशा, संकष्टीला टिटवाळ्याला जायचंय. नितीन टूरवर. हात धरायला मी एकटी.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

विठ्ठलवाडीला गेले. पप्पा शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसलेले. सगळं सांगितलं. आई, म्हणजे सासूबाई, माझ्या हातावर टेकणार, त्या वाकल्या की मलाही वाकावं लागेल.

ते स्क्रू फिरवत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "शांतीने जा."

"म्हणजे जाऊ?"

"चहा टाक."

बस्स. एवढंच.

गेले मी. गाभाऱ्यासमोर आई वाकल्या. एक हात त्यांच्या कमरेला, एक दंडाला. ताठ उभी राहिले असते तर त्या पडल्याच असत्या. वाकले. हात नाही जोडले. जोडायला हात मोकळे होतेच कुठे?

नितीनच्या मावशीने हौसेने फोटो काढून स्टेटसला टाकला. रविवारच्या आत तो चर्चच्या ग्रुपवर.

उपासना संपल्यावर पंचांची मीटिंग. दाऊदकाकांनी मोबाइल टेबलावर ठेवला. पप्पांचे जुने मित्र, पण नियमाला पक्के. म्हणाले, सर, नामानाचा अर्थ तुम्हीच आम्हाला शिकवलाय, आम्ही तुमच्याच शिकवणीने चाललोय. मग माझ्याकडे वळले.

"सलोमी, जायच्या आधी कुणाला विचारलं होतंस?"

मी पप्पांकडे बघितलं.

ते चष्मा पुसत होते.

मी विचारलं होतं म्हणाले तर त्यांची तीस वर्षं मातीत. नाही म्हणाले तर देवाच्या घरात खोटं. वर्ग जातोय हे दिसतच होतं. पण मला तेव्हा वर्ग नको होता. मला बाप हवा होता. त्याने एकदा तोंड उघडावं एवढंच हवं होतं.

पंखा फिरत होता. पप्पा चष्मा पुसत होते. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. मी मोजली आहेत.

मग पप्पा उठले.

"हिने मला विचारलं होतं. मला नाही म्हणायचं होतं, जमलं नाही. हो म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून संदेष्ट्याच्या शब्दामागे लपलो. जी शिक्षा हिला, तीच मला."

सहा महिने. माझा वर्ग गेला, पप्पांचा क्लास गेला, आणि दोघांचंही प्रभुभोजन बंद.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जायचे. आम्ही दोघं शेवटच्या बाकावर. मी चिडून म्हटलं, कशाला ऐकायचं यांचं, दुसरं चर्च बघू. पप्पा म्हणाले, अधिकार त्यांचा आहे, बसायचं.

एकदा तिथेच विचारलं, मग खरा अर्थ काय? सूट की निरोप?

पुढच्या बाकाकडे बघत म्हणाले,

"ते मला आता ठाऊक नाही गं. पण नामानाने देवाला अंधारात नाही ठेवलं. आधी येऊन सांगितलं. तसं तूही सांगितलंस. आज्ञा मोडली ती मी."

सॉरी नाही. आमच्या पप्पांना तो शब्द येतच नव्हता.

मागच्या वर्षी ह्याच दिवशी ते गेले.

अंत्यविधीला आई हट्ट करून आल्या. चर्चमध्ये पहिल्यांदाच. दाऊदकाकांनी त्यांना बघितलं आणि स्वतःची खुर्ची आणून ठेवली.

त्या बसल्या नाहीत. माझ्या हातावर टेकून पेटीपर्यंत आल्या. पाळकसाहेब प्रार्थना करत होते. मी पप्पांच्या कपाळाला ओठ लावायला वाकले. हात माझा धरलेला, म्हणून आईही वाकल्या. व्यवस्थित, खाली, पदर सावरून.

बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मी तिथे वाकले गं. तुमच्यात चालतं ना?"

मी चार मिनिटं नाही घेतली.

"चालतं, आई," म्हटलं. "मी आहे ना."

पप्पा, थोडा राग माझ्याकडे राहू दे. तेवढा हक्क आहे माझा.

शांतीने जा.