चामड्याची चकती

टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर साहेबांचं रीळ सुटं होऊन पडलं होतं आणि समोरच्या स्टुलावर सुबराव घाम पुसत होता.

"आण्णा, परत बसंल न्हवं?"

"सुबराव," मी डोळ्याला भिंग लावत म्हणालो, "ज्या हातांनी स्विस घड्याळं जोडली, त्यांना मासे धरायच्या रिळाचं काय भय?"

हे वाक्य मी गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणालो. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि प्रेक्षक असले की माझा आवाज आपोआप वर चढतो.

बेळगावच्या कॅम्पात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. सुबराव मच्छे गावचा, जंगलखात्यातल्या एका साहेबांकडे नऊ वर्षं बटलर होता. साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाले होते. जाण्याआधी लोंढ्यापलीकडच्या नदीवर त्यांना शेवटचे दोन दिवस गळ टाकायचा होता. सामान पुसताना सुबरावच्या हातून रीळ निसटलं आणि पायरीवरून थेट वाळूत गेलं. हँडल फिरवलं की आतून खरखर येई. साहेब चिकोडीकडे फिरतीवर होते, परवा परतणार होते.

"साहेबांना सरळ सांगून टाक की."

"आत्ता सांगू व्हय? जाताना चिठ्ठी देणार हाईत. तिच्यावर तर म्होरची नोकरी."

चिठ्ठी म्हणजे साहेबानं नोकराला दिलेलं सर्टिफिकेट. कॅम्पातले बटलर, माळी, आया असे कागद पत्र्याच्या डबीत जपून ठेवत. नवा साहेब जुन्या साहेबाचं अक्षर वाचून माणूस ठेवी. ज्याच्याकडे चिठ्ठी नाही, त्याला बंगल्याच्या फाटकाशीही उभं करत नसत.

तर दुरुस्ती. अशी रिळं तेव्हा आमच्याकडे नवी होती. हँडल फिरवलं की तारेचा एक आकडा गोल फिरतो आणि रिळावर दोरा गुंडाळत जातो. आत दोन गिअर. त्यांच्या दातांत वाळू गेली होती. मी सगळं पेट्रोलमध्ये धुतलं, ब्रशनं पुसलं, ग्रीस भरलं, जोडलं. खरखर गेली. काम संपलं.

इथेच मी पाना खाली ठेवायला हवा होता.

सहज दोरा ओढून पाहिला, तर दोऱ्याचं रीळ आपल्या जागी किंचित फिरून घसरलं. पुन्हा ओढला, पुन्हा घसरलं. घड्याळजीला घसरणं म्हणजे रोग वाटतो. आमच्या यंत्रात एक दात सुटला तरी वेळ चुकते. मी पुढचा नट काढला. खाली काळीकुट्ट, तेलकट अशी चामड्याची चकती निघाली. ती चिमट्यात धरून मी उंच केली, जणू सापच पकडला.

"बघा मंडळी! विलायती यंत्र, आणि पोटात चपलेचा तुकडा!"

गिऱ्हाइकं हसली. मला आणखी चेव आला. पितळी पत्र्यातून तेवढीच चकती कापली, घासली, चकाकवली, बसवली आणि नट गच्च आवळला. आता रीळ तसूभर हलेना.

"आण्णा," सुबराव म्हणाला, "हुतं तसंच ऱ्हाऊ द्या की."

"तू मटण शिजव, सुबराव. यंत्र माझ्यावर सोड."

पुन्हा हशा. सुबरावही कसनुसा हसला.

आठवड्यानं तो परत आला. स्टुलावर न बसता उभाच राहिला.

"मासा लागलता, आण्णा. लई मोठा. साहेब गुडघाभर पाण्यात, काठी कमानीगत वाकलेली. आणि एकदम फाटकन दोरा तुटला."

"मग?"

"मग काय! साहेब खडकावर बसलं, रीळ उघडलं. तुमचं पितळ उन्हात चमाकलं."

मग साहेबांनी त्याला जे ऐकवलं होतं, ते त्यानं मला ऐकवलं. चामड्याची ती चकती म्हणजे ब्रेक. मोठा मासा हिसका देतो तेव्हा रीळ घसरायलाच हवं. दोरा थोडा थोडा सुटतो, मासा दमतो, माणूस त्याला ओढून घेतो. ज्याला मी रोग समजलो, तेच त्या यंत्राचं काम होतं.

"माझं नाव सांगितलंस?"

"कशाला सांगू? मग पाडलेलं बी सांगाय लागलं असतं. कुणी उघडलं म्हणाले, म्या म्हणालो, मीच."

त्यानं खिशातून कागद काढला. "उद्या जाणार साहेब. चिठ्ठी दिली. वाचा जरा."

सुबरावला इंग्रजी वाचता येत नव्हतं. चार ओळी होत्या. प्रामाणिक आहे. दारू पीत नाही. स्वयंपाक उत्तम. मी नाटकातल्या राजाच्या थाटात तीन ओळी मराठीत ऐकवल्या. चौथी अशी होती: मालकाच्या वस्तूंत न विचारता हात घालतो आणि विचारल्याखेरीज कबूल करत नाही.

मी कागदाची घडी घातली.

"एवढंच?"

"एवढंच."

"वळी तर चार दिसत्यात, आण्णा."

"इंग्रजीला जागा जास्त लागते."

त्यानं कागद डबीत ठेवला, मला नमस्कार केला आणि गेला. हा कागद तो आता दारोदार दाखवणार होता, आणि प्रत्येक दारात चौथी ओळ वाचली जाणार होती. मी एक मनगटी घड्याळ उघडलं. तसंच परत मिटलं. शेवटी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि बंगला गाठला.

साहेब पेटाऱ्यांच्या गराड्यात उभे होते. माझं इंग्रजी घड्याळापुरतंच. "सर, दॅट ब्रास. मी. नॉट सुबराव." त्यांनी कारण विचारलं. "इट वॉज स्लिपिंग, सर."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी सुबरावला हाक मारली आणि मला तेच पुन्हा, त्याच्यासमोर, मराठीत सांगायला लावलं. माळी आणि हमाल काम थांबवून ऐकत होते. त्या दिवशी प्रेक्षक भरपूर होते, पण आवाज काही चढेना. शेवटी, चिठ्ठीतली चौथी ओळ मी सुबरावला वाचून दाखवलीच नव्हती, हेही सांगितलं. सुबराव खाली बघत म्हणाला, "आणि पाडलं म्या, साहेब."

साहेबांनी जुना कागद फाडला आणि टेबलाशी बसून नवा लिहिला. त्यांचा मासा मात्र गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती.

फाटकाबाहेर आलो तेव्हा मी सवयीनं हात पुढे केला. "आण, वाचून दाखवतो."

सुबरावनं कागद छातीशी धरला. "नगो आण्णा. पोस्टातल्या मास्तरांकडनं वाचून घेतो."

टोमणा नव्हता त्यात. साधं बोलणं होतं. मी पुढे केलेला हात खिशात घातला.

महिन्याभरात त्याला कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडे काम लागलं. मीही माझ्या धंद्यात दोन नियम केले. घड्याळाखेरीज दुसरं काही टेबलावर आलं, की आधी मालकाला ते चालवून दाखवायला सांगतो. त्यातला कुठला भाग कशासाठी आहे हे दोघांनाही कळलं नाही, तर पाना उचलत नाही. आणि कुणी इंग्रजी कागद वाचायला दिला, तर शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो.