अर्ध्या तोंडाची बाई

धुळ्यात ज्यांनी एके काळी भुताचे सिनेमे पाहिले, त्या सगळ्यांनी सुगंधाबाईंना पाहिलं आहे. त्यांना ते ठाऊक नाही, एवढंच. साक्रीकडून येणारी एसटी ज्या वळणावर हळू व्हायची, तिथल्या भिंतीवर पोस्टर चढलं की प्रवासी खिडकीतून माना बाहेर काढत. सगळीकडे काळाकुट्ट रंग, मधोमध एक किलकिलं दार आणि त्यातून डोकावणारं बाईचं अर्धं तोंड. सिनेमाची नायिका कुणी का असेना, ते तोंड प्रेमराज पेंटरच्या बायकोचं असे. थिएटरवाल्यांना पोस्टर प्रेमराजच्याच हातचं लागे आणि प्रेमराजला भूत घरचंच लागे.

बायकोला दाराआड स्टुलावर बसवून तो कंदील जमिनीवर ठेवायचा. "उजेड वरतून पडना ते माणूस वळखू येस," तो म्हणे. "खालतून पाडा, मंग सोतानी माय बी वळखू येत नही." गालाखाली हिरवी झाक मारायचा आणि बुबुळ नेमकं डोळ्याच्या मधोमध काढायचा, म्हणजे बस कुठूनही येवो, तो डोळा पाठ सोडत नसे. रक्ताचे ओघळ काढायला मात्र त्याचा हात धजत नसे. थिएटरवाला कुरकुरला, की त्याचं उत्तर ठरलेलं: "अर्धं तोंड फुकट. बाकीनं मझार, तिकीट काढीसन." आणि लोक मुकाट्याने तिकीट काढून आत जात.

गल्लीत याचा व्हायचा तो परिणाम झालाच. बायका पेंटरीणबाईंना हळदीकुंकवाला अगत्याने बोलवत, पण तान्हं मूल त्यांच्या मांडीवर देताना जरा थांबत. हसत हसत, पण थांबत. सुगंधाबाईंना ते जिव्हारी लागायचं. तरी पोस्टरसाठी बसायला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रेमराज म्हणजे एक नंबरचा घुम्या माणूस. जेवताना ताटाकडे बघायचा, चालताना पायांकडे. पण चित्र काढायला बसला की अख्खी दुपार त्यांच्याकडे बघायचा आणि त्यांनाही आपल्याकडेच बघायला लावायचा. "मनाकडे देख. हालू नको." उभ्या संसारात त्याने केलेले लाड ते एवढेच. तेवढ्यासाठी सुगंधाबाई जन्मभर भूत व्हायला तयार होत्या.

आता थिएटर पाडून तिथे गाळे झालेत. प्रेमराजही गेला. मुलगा ललित सुरतेला असतो, फोनवर जेवण झालं का विचारतो आणि झालं म्हटलं की ठेवून देतो. भाजीवाला तराजूकडे बघतो, बँकेतला माणूस अंगठ्याकडे. आपल्या तोंडाकडे शेवटचं नीट कोणी बघितलं, हे सुगंधाबाईंना आठवेना.

अशात एका दुपारी सारिका आली. चार मित्रमैत्रिणी मिळून अहिराणीत भुताचा सिनेमा काढत होते आणि पोस्टरचं काम तिच्याकडे होतं. जुनी पोस्टरं शोधत ती इथवर पोचली होती. सुगंधाबाईंनी पत्र्याच्या पेटीतून उरलंसुरलं एक चित्र काढून दिलं. पोरीने चित्राकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"आजी, या तुम्ही आहात."

सुगंधाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता पोस्टर मोबाईलवर एवढंसं दिसतं, आजी. बोट पुढे सरकायच्या आत माणूस अडकला पाहिजे. मला तुमचेच डोळे हवेत. उद्या दुपारी येऊ?"

"ये ना बेटा. बठ्ठी दुपार मोकळी शे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवभाजी सकाळीच उरकली. दुपारी दार वाजवू नको म्हणून शेजारणीला बजावलं. काळं पातळ नेसून पांढरे केस मोकळे सोडले आणि जुनं स्टूल दाराआड मांडलं. दोन कपांचं दूध काढून ठेवलं, पण गॅस पेटवला नाही. चहा चित्र झाल्यावर, अशी या घरची रीत होती.

सारिकाने दार किलकिलं केलं, एक मोबाईल उजेडासाठी खाली ठेवला आणि दुसरा समोर धरला. "इकडे बघा, आजी." सुगंधाबाईंनी बघितलं. मोबाईलमागे पोरीचं तोंड दिसत नव्हतं. खट् झालं. मग आणखी दोनदा.

"झालं, आजी. एकदम भारी आलाय फोटो."

"व्हई गयं?"

"हो. बाकीचं मी कॉम्प्युटरवर करते."

"थांब ना जरासं. आते ते बठनू मी."

पण पोरीला अंधाराआधी चाळीसगाव गाठायचं होतं, गाडी खाली उभी होती. ती वाकून पाया पडली, चहा पुढच्या वेळी नक्की म्हणाली आणि भराभर जिना उतरली. पोर गुणी होती. तिचा काही दोष नव्हता.

अख्खी दुपार उरली. सुगंधाबाईंना इतकं एकटं प्रेमराज गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

त्या उठल्या नाहीत. सवयीने हनुवटी खाली घेतली, मान जरा डावीकडे वळवली आणि समोर तो मांडी घालून बसायचा त्या जागेकडे बघत राहिल्या. मान भरून आली, तरी हलल्या नाहीत. त्याचं चित्र पुरं झाल्याशिवाय त्या कधी हलल्या नव्हत्या.