वसुधाताईंच्या अंगठ्याचं नख

रुग्णालयात वसुधाताईंना शेवटचं भेटले, तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा नीट बसावा म्हणून तिथल्या नर्सने त्यांची नखं कापली होती, आणि त्या भरात उजव्या अंगठ्याचं मुद्दाम वाढवलेलं नखही गेलं होतं. "चिमटा काय अंगठ्याला लावतात?" त्या म्हणाल्या. मग जरा दम घेऊन, "फांदीचं काय झालं गं?" अर्ज पुढे सरकलाय, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या भाचीचा फोन आला... त्याला आता सहा आठवडे झाले. या दिवसांत मी रडायला हवं होतं. मी नुसती संतापलेली आहे, आणि त्या संतापातला थोडा वाटा माझ्या स्वतःसाठी राखून ठेवलेला आहे.

नारायण पेठेतून आम्ही वारज्याला राहायला आलो, तेव्हा सोसायटीच्या आवारातला आंबा आमच्या इमारतींपेक्षा कितीतरी जुना होता. इथे शेत होतं तेव्हाचा. वसुधाताई तळमजल्यावर एकट्याच राहायच्या. आयुष्यभर नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. आमची ओळख माझ्या जास्वंदीमुळे झाली. पानं गळून काड्या झाल्या म्हणून मी ती कुंडीतून उपटत होते. त्या आल्या, न विचारता एका काडीची साल अंगठ्याच्या नखाने खरवडली आणि आतला हिरवा रंग मला दाखवला. "मेलेली नाहीये. तुम्हालाच घाई झालीये." पुढच्या महिन्यात जास्वंदीला पालवी आली आणि मी 'तुम्ही'ची 'तू' झाले.

आवारातल्या प्रत्येक झाडाची त्या अशी नखाने तपासणी करायच्या. हाताला येणारी वाळकी फांदी स्वतः करवतीने काढायच्या. आधी खालून थोडा काप, मग वरून, म्हणजे फांदी पडताना बुंध्याची साल सोलत नेत नाही. फांदी जिथून फुटते तिथल्या फुगीर कड्याला हात लावायचा नाही, कारण जखम तिथूनच भरते. मधुमेह्यांच्या पायांची ड्रेसिंग करण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. मेलेलं तेवढं काढायचं, जिवंताला धक्का लावायचा नाही, हे त्या तिथे शिकल्या होत्या. मी शिडी धरायचे आणि बोलणी खायचे.

आंब्याची एक मोठी फांदी बांडगुळाने खाऊन पार वाळली होती, नेमकी पार्किंगवर. ती त्यांच्या आवाक्यातली नव्हती. तिच्यासाठी परवानगी हवी, परवानगीसाठी अर्ज हवा आणि अर्जासाठी कमिटी हवी. आमचे सेक्रेटरी कर्तबगार गृहस्थ. मोहोराच्या दिवसांत त्यांच्या गाडीवर चिकट थर बसतो, हे या झाडाचं त्यांना ठाऊक असलेलं एकमेव वैशिष्ट्य. सभेत ते म्हणाले, एका फांदीसाठी एवढा खटाटोप कशाला, एकदाच काय ते साफ करून टाकू. ताई उठून उभ्या राहिल्या. "पायाचं बोट काळं पडलं म्हणून माणसाला कमरेपासून कापत नाहीत, साहेब." सगळे हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. शेवटी ताईंनी स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला, त्यात एकाच फांदीचं वर्णन केलं आणि तिचं चित्रही काढून दिलं.

त्या गेल्यावर सोसायटीने शोकसभा घेतली. त्या असेपर्यंत त्यांना 'कटकट' म्हणणारे सेक्रेटरी त्या दिवशी 'वृक्षमाता' म्हणाले. सभा संपल्यावर त्यांनी माझ्यापुढे एक कागद धरला. अर्जदार हयात नाहीत, तेव्हा कमिटीची सदस्य म्हणून तुमची सही लागेल, ताईंचं अपुरं काम आपणच पुरं करू या. वर ताईंचा अर्ज टाचलेला होता. त्यांचं अक्षर दिसलं आणि माझे डोळे भरले. खालचा कागद मी वाचलाच नाही. मी, जिने बँकेत तीस वर्षं लोकांना वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून सांगितलं.

मग मी चार दिवस लेकीकडे हिंजवडीला गेले. परतले तेव्हा आवारात नको इतकं ऊन होतं. आंब्याच्या जागी पुरुषभर उंचीचा बुंधा, भोवती ओंडके, आणि त्यांवर जिवंत, ओली पानं. मी ओरडले, तेव्हा करवतवाल्याने शांतपणे खिशातून कागद काढला. "बाई, आमच्याकडं कागद हाय. सही बगा की." सही माझी होती. ताईंच्या अर्जाखालच्या त्या न वाचलेल्या कागदावर, त्यांच्या एका फांदीच्या पुढे कुणीतरी टाइप केलं होतं : 'व इतर सर्व धोकादायक फांद्या'. सेक्रेटरींना गाठलं, तर ते अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "ताईंचीच इच्छा होती ना?" त्या मृदूपणाचा राग मला अजून गिळता आलेला नाही. मेलेल्या बाईच्या नावावर जिवंत झाड कापायचं आणि वर त्याला श्रद्धांजली म्हणायचं, याला कोडगेपणाच लागतो. आणि न वाचता सही करायला काय लागतं, ते मला आता कळलंय.

परवा नवा कागद दारात आला. 'वाळलेला बुंधा मुळासकट काढण्याबाबत'. एक सही झालेली, दुसरी माझी हवी. या वेळी शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग तो घेऊन खाली गेले. सहा आठवडे मी उजव्या अंगठ्याचं नख कापलेलं नाही. का, ते मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी नीट सांगता आलं नसतं. बुंध्याची साल त्या नखाने खरवडली. जाड साल, नख मोडेल असं वाटलं... पण आत हिरवं होतं. बोटाला ओल लागली.

कागद तिथेच बुंध्यावर टेकवला, 'जिवंत आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली.