अमिंतासला थोपवून धरताना

थेस्सलनीकाच्या बंदराजवळच्या गल्लीत फिलिन्ना लोकर पिंजायची. हाताला मेंढीच्या चरबीचा वास, जिभेला धार. सासू निकैयाने लग्नातच तिला ‘काटकुळी’ म्हटलं, तेव्हा ‘काटाच आहे, जपून राहा’ असं नव्या नवरीने तोंडावर सुनावलं होतं. नवरा अमिंतास जहाजांचे दोर वळायचा. तो दोघींचंही ऐकून घ्यायचा आणि हसायचा.

येशूच्या शिष्यांना भेटून आलेला एक उपदेशक शहरात आला, तेव्हा हे दोघं नवरा-बायको त्याच्या अनुयायांच्या मंडळीत गेले. येशू मेला, पुन्हा उठला, शिष्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं आणि आता तो लवकरच परत येणार, असं तो सांगे. थोड्याच आठवड्यांत लोकांनी दंगा करून त्याला हुसकावून लावलं. मागे उरली मूठभर माणसं आणि अर्धवट शिकवण. प्रभू येईल तेव्हा जिवंत असलेल्यांना तो घेऊन जाईल, हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं. मेलेल्यांचं काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

हिवाळ्यात अमिंतासला खोकल्यातून रक्त पडू लागलं.

फिलिन्नाने पिंजण गुंडाळून ठेवलं. जवाची पेज, मधाचं पाणी, छातीला ऊन तेल. तो डोळे मिटायला लागला की ती खांदे धरून हलवायची.

"अमिंतास! झोपू नकोस. गीळ एवढं."

"दमलो गं."

"दमायला काय झालं? दोर का वळतोयस?"

तो हसला, आणि खोकल्याने वाकडा झाला.

निकैया उंबऱ्यावर बसून होती. ती जुन्याच देवांना मानणारी. "सोड त्याला," ती म्हणाली. "माझा पोरगा आहे, मला दिसतंय. का छळतेस?"

"प्रभू येईपर्यंत टिकला पाहिजे हो, आई. नाहीतर तो मागे राहील."

"मग तुझ्या प्रभूला म्हणावं, जरा पाय उचल!"

एरवी फिलिन्नाने जशास तसं उत्तर दिलं असतं. आज तिने सासूच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. म्हातारीने तिचे केस कुरवाळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फिलिन्ना पेज ढवळत असताना, अमिंतास गेला. तरी तिने चमचा त्याच्या ओठांना लावला. पेज हनुवटीवरून ओघळली. निकैयाने तो चमचा हळूच काढून घेतला.

त्याला पुरून आल्यावर फिलिन्ना मंडळीत गेली. चामडं कमावणाऱ्या स्त्रातोनच्या घरी सगळे जमत. प्रभूच्या नावाने भाकर मोडून जेवायला बसण्याआधीच तिने विचारलं, "दादा, अमिंतासचं काय होणार?"

स्त्रातोन भला माणूस. खोटं बोलणं त्याला जमत नसे. "ताई, मला ठाऊक नाही. त्या उपदेशकांना विचारलंच नाही आपण. कुणी गेला नव्हता ना तेव्हा आपल्यातला."

"मग कुणीतरी जाऊन विचारा!"

"माणूस धाडलाय. ते कुठे आहेत, जिवंत तरी आहेत का, कुणास ठाऊक."

जेवण झालं. मंडळी उभी राहिली, हात वर गेले. "ये प्रभू, लवकर ये!" घर दणाणलं.

फिलिन्नाचेही ओठ हलत होते. शेजारच्या बाईला वाटलं, तीही तेच म्हणतेय.

"नको येऊस," ती पुटपुटत होती. "इतक्यात नको रे येऊस. तो तिकडे एकटाच मागे राहील."