बॅटरीच्या पाण्यावर जगलेलं झाड

थांबा, हे आत्ताच्या आत्ता टाईप केलं नाही तर मला चैन पडणार नाही! आज गॅरेजबाहेर बॅटरीत घालायच्या पाण्याचे कॅन दिसले आणि मी थेट आठवीत, आमच्या बोळिंजच्या फ्लॅटमध्ये पोचले. वाढदिवसाला हट्ट करून मी किडे खाणारं झाड आणलेलं, आणि महिन्याभरात त्याचे इवलेसे जबडे एकेक करून काळे पडायला लागले. मी घाबरून अजूनच पाणी घालायचे. आई म्हणायची, "माश्या खाणारं झाड आणलंस, आणि माश्या अजून मीच मारतेय!" तेव्हा लोडशेडिंग जोरात, त्यामुळे घरोघरी इन्व्हर्टर. आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरायला जवळच्या वटार गावचे एक काका यायचे. त्यांना गॅलरीत ती कुंडी दिसली. कडेचा पांढरा थर नखानं खरवडत त्यांनी विचारलं, "बोअरचं पानी घालतेस काय गं?" मी म्हटलं, हो, नळाला तेच येतं. "अगं पोरी, त्या पान्यानं माझी एवढी मोठी बॅटरी मरते, हे एवढंसं झाड काय जगेल?" त्यांनी बॅटरीसाठी आणलेल्या, क्षार नसलेल्या शुद्ध पाण्याचा सीलबंद कॅन फोडला, कुंडीतून खारटपणा धुऊन जाईपर्यंत पाणी ओतलं आणि उरलेला कॅन माझ्याकडेच ठेवला. "पाऊस येईपर्यंत हेच घाल, मग पावसाचं." तीन आठवड्यांनी मधोमध नवा जबडा उघडला, आणि त्यात पहिला डास अडकला तेव्हा मी अख्खा मजला गोळा केला! पुढच्या वेळी काका आले ते बॅटरी न बघता आधी गॅलरीतच गेले. आज माझ्याकडे अशी चौदा झाडं आहेत, ती सगळी त्यांच्यामुळेच. तुमचंही काही असं, भलत्याच कामाला आलेल्या माणसानं वाचवलंय का? सांगा ना!