दरवाजा पुढे, माणसं मागे

अन्याय झाला तो माझ्या चार वर्षांच्या भाचीवर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, जालन्यात आमच्या वस्तीतल्या नव्या बसथांब्यावर.

थांबा म्हणजे उंच ओटा, वर पत्रा, पुढे लोखंडी कठडा. कठड्याला वाट ठेवलीय मागच्या टोकाला आणि गाडीचा दरवाजा लागतो पुढच्या टोकाला. ओट्यावरच्या माणसासमोर येतात त्या नुसत्या खिडक्या. दरवाजा गाठायचा तर मागून खाली उतरा आणि गाडी न् कठडा यांच्यामधल्या फटीतून पुढे पळा.

म्हणून लोक ओट्यावरूनच जागा धरतात. सणाच्या गर्दीत टाकलेला रुमाल कोणी मानत नाही, लेकराला मात्र कोणी उठवत नाही. ताई सासरी शहागडला निघाली होती. तिनं पोरीला खिडकीतून आत दिलं. "हात पसरून बस, मी आलेच," म्हणाली आणि दोन पिशव्या घेऊन फटीत शिरली. पुढे ही गर्दी. ती दरवाज्याशी पोचायच्या आत घंटी वाजली.

"मागून रिकामी गाडी हाय," कंडक्टर म्हणाला आणि दार लावलं.

मी ओट्यावरून ओरडत राहिले. गाडी गेली.

स्कूटीवर ताई माझ्या मागे बसली. रडत नव्हती. एकच म्हणत होती, "खिडकी उघडीच हाय गं. वाकून बघंल ती." पोरीचा फ्रॉक लाल होता. रस्त्याच्या कडेला काहीही लाल दिसलं की माझा हात ब्रेकवर जायचा आणि ताई पाठीत बुक्की घालायची, "जल्दी चल."

गाडी अंबडच्या स्टँडवर उभी होती. पोरगी जागच्या जागी, दोन्ही हात सीटवर पसरलेले, फ्रॉक ओला. शेजारची म्हातारी म्हणाली, "आमाला वाटलं, माय मागं गर्दीत उभी हाय. तिकिटाच्या वक्ताला कळलं."

कंडक्टर ताईवर डाफरला, "लेकरू खिडकीतून देता का बाई? बोचकं हाय का ते?"

"मंग दरवाजा गाठायचा कुठून, ते सांगा," मी म्हणाले.

"थांबा मी बांधला का?"

बरोबर आहे, त्यानं नाही बांधला. ज्यांनी बांधला त्यांच्या ऑफिसात मी गेले. साहेब म्हणाले, नकाशा बराबर आहे, लोकांना शिस्त नाही. नकाशा बराबर असेल तर साहेबांनी एकदा बायको, पोरं आणि पिशव्या घेऊन त्या फटीतून पळून दाखवावं.

आणि वस्तीत काय चाललंय? "अशी कशी माय?" नळावर तेच, किराणा दुकानात तेच. ताईच्या कानावर ते शहागडला गेलं. तेव्हापासून ती माहेरी आली नाही. फोनवर म्हणते, "येईन गं, पण पोरीला घेऊन त्या ओट्यावर उभी न्हाई राहणार."

तिला नावं ठेवणाऱ्यांनो, तुम्हीही याच ओट्यावरून लेकरं आत देता, मी रोज बघते. तोंड बंद करा आणि येत्या सोमवारी ऑफिस उघडताना साहेबांच्या दारात या. निवेदनावर सही करून पाठवू नका, स्वतः या. दरवाज्यासमोरचा कठडा कापायचा हुकूम निघेपर्यंत तिथून उठू नका.