माय कोर्टात खाली बसली तेव्हा

त्या सकाळी माय बायांच्या रांगेत सगळ्यात मागे होती. सोयाबीनच्या निंदनाचे, म्हणजे खुरपणीचे, दिवस होते. आमच्या गावातून शिरपूरकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेनं अकरा बाया एकामागे एक चालल्या होत्या, हातात जेवणाचे डबे, कमरेला खोचलेली खुरपी. मागून एक पिकअप गाडी भरधाव आली, कडेच्या मातीत उतरली, मायच्या डाव्या पायाला धडकली आणि न थांबता निघून गेली.

सगळ्या बाया ओरडत मायकडे धावल्या. एक नाही धावली. ती त्या बायांची मुकादम, म्हणजे कोणाच्या वावरात कधी जायचं ते ठरवणारी. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून गाडीकडे बघत राहिली आणि मग तिनं खुरपीच्या टोकानं आपल्या डब्याच्या झाकणावर गाडीचा नंबर कोरला. चौथीपर्यंत शिकलेली बाई. नंतर कोणीतरी तिला म्हणालं, "तुले रडू नाई आलं का वं?" तर ती म्हणाली, "आलं ना. पन आधी नंबर, मंग रडनं."

मी तेव्हा शिरपूरला झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. तिथल्या देवळात येणाऱ्या यात्रेकरूंची आधारकार्डं, शाळेचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, दिवसभर हेच. फोन आला तशी मी दुकान उघडं टाकून पळाले. मायला आधी वाशिमला आणि तिथून अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मांडीत सळई, गुडघ्याला प्लेट. हाड जुळेल, पण गुडघा पहिल्यासारखा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी ते मायला सांगितलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मुकादमबाईनं ते झाकण त्यांच्यापुढे धरलं. गाडी त्याच आठवड्यात सापडली. मग आठव्या-नवव्या दिवशी गाडीमालकाचा माणूस वॉर्डात आला. एका हातात केळी, दुसऱ्या हातात कोरा स्टँपपेपर.

"भाऊ," तो बाबांना म्हणाला, "कोर्टकचेरीत काई नाई. मालक गरीब मानूस हाये, गाडी विका लागन त्याले. आपसात मिटवून टाका. बाईले इथं सही कराले लावा, मी आता पैसे देतो."

बाबा साधे. भांडणाचा आवाज आला की ते उठून बाहेर जातात. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "शाहान्यानं कोर्टाची पायरी चढू नाई म्हनतेत, पोरी."

माय पडल्या पडल्या बोलली. "सही मले येते. त्याच्यावर लिवलं काय हाये ते वाचून दाखव."

"लिवू ना नंतर, काकू."

"मंग सही बी नंतर." तिनं केळी तेवढी ठेवून घेतली आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला वाटून टाकली.

पुढे माय दवाखान्यातून सुटली तेव्हा मला एक गोष्ट आठवली, आणि तिची आजही लाज वाटते. काही महिन्यांपूर्वी मी एका कायदा शिबिराच्या पत्रकाच्या शंभरेक झेरॉक्स काढल्या होत्या. इतके कागद हाताखालून गेले, पण एकही वाचला नव्हता. दुकानात जाऊन रद्दीच्या गठ्ठ्यात शोधलं. सापडलं. त्यात लिहिलं होतं की बायांना, कमाई कितीही असो, कोर्टात सरकारकडून फुकट वकील मिळतो, आणि अपघाताच्या भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा असतो. आमचे दोन महिने दवाखान्यातच गेले होते.

वाशिमच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवेच्या कार्यालयात मी अर्ज दिला. आम्हाला एक वकीलबाई मिळाल्या. घोगऱ्या आवाजाच्या, चहाचे कपावर कप पिणाऱ्या. त्यांनी आधी माझी फाइल पाहिली. फिर्यादीची नक्कल, पंचनामा, दवाखान्याचे सगळे कागद, औषधाची पावती न् पावती, मी तारखेप्रमाणे लावली होती.

"हे कोणी लावलं?"

"मी. झेरॉक्सच्या दुकानात असते."

"छान," त्या म्हणाल्या. "माझं निम्मं काम झालं." मग त्यांनी समजावून सांगितलं. गाडीचा विमा आहे, त्यामुळे भरपाई विमा कंपनीला द्यावी लागेल. मालकाला गाडी विकायची गरज नाही. दवाखान्याचा खर्च, येण्याजाण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, पुढे बुडणारी मजुरी, सेवा करणाऱ्याचा वेळ आणि सोसलेलं दुःख, हे सगळं मागता येतं.

मी घरी येऊन मायला सांगितलं तर तिनं एकच विचारलं. "दुखल्याचं बी मागता येते?"

"हो."

"मंग लिव म्हना. दुखलं लय."

दावा लागला. वर्ष तारखांमध्ये गेलं. माय काठीवर आली, मग काठी सुटली, पण पाय गुडघ्यात जेमतेम थोडासा वाकायचा. चालताना ती डावा पाय बाहेरून फिरवून टाकायची. सरकारी डॉक्टरांनी त्या पायाच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र दिलं. मग लोकअदालतीच्या वेळी कंपनीकडून तडजोडीचा कागद आला. मी तो मायला वाचून दाखवला. त्यात तिच्या नावापुढे लिहिलं होतं: गृहिणी, उत्पन्न नाही.

माय भाकरी थापत होती. घरात ओटा नव्हता, म्हणून बाबांनी लाकडी टेबलावर शेगडी मांडून दिली होती आणि ती उभ्यानं स्वयंपाक करायची. तिचा हात थांबला.

"फिरून वाच."

मी फिरून वाचलं.

"मी बारा वर्साची असल्यापासून निंदून राह्यली," ती म्हणाली. "या शिवारातलं एक वावर सांग जिथं मी बसली नाई. अन् हे म्हनतेत उत्पन्न नाई?"

वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं की तडजोड घेतली तर प्रकरण कायमचं संपेल, त्यावर अपील नाही. नाही घेतली तर पुरावा द्यावा लागेल, उलटतपासणी होईल, वेळ लागेल. "पण ठरवायचं तुम्ही," त्या मायला म्हणाल्या. "माझ्यासाठी हो म्हणू नका आणि यांच्यासाठीही नाही." त्यांनी बाबांकडे बोट केलं. बाबा खाली बघत होते. मग तेच म्हणाले, "तिले लढू द्या, बाई." इतक्या वर्षांत मी बाबांना मायची बाजू अशी चारचौघांत घेताना ऐकलं नव्हतं.

साक्षीच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं वाशिमला गेलो. साक्षीला फक्त मुकादमबाई हवी होती. पण बसमध्ये चढल्या त्या दहाच्या दहा बाया. ऐन निंदनाचे दिवस, प्रत्येकीचा एक दिवसाचा रोज बुडणार होता. माय चिडली. "तुमी काहून आल्या वं सगळ्या?"

"तू यकटी मागं राह्यली होती त्या दिवशी," एक म्हणाली. "आज नाई."

कोर्टाच्या पायऱ्या माय एक-एक करून चढली. कोणालाही हात लावू दिला नाही.

आधी मुकादमबाईची साक्ष झाली. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "या मजुरीला जात होत्या याची पावती आहे का?"

"वावरात पावती कोन देते, साहेब? अकरा बायाईच्या अकरा ओयी. मायी ओय मले माहीत, तिची ओय मले माहीत." ओय म्हणजे पिकाची ओळ, हे न्यायाधीशांनी स्वतःच लघुलेखकाला सांगितलं.

मग माय पिंजऱ्यात उभी राहिली. वकील वयस्क होते, उद्धट नव्हते. शांतपणे विचारत गेले. दोन्ही हात चांगले आहेत ना? आहेत. उजवा पाय चांगला आहे ना? हाये. चालता येतं ना? येते. घरचा स्वयंपाक करता ना? करते.

"म्हणजे हात चांगले आहेत, तर खुरपणी करता येईल."

"नाई येत."

"का? खुरपी तर हातानं चालवतात."

मायनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं ती अडकली. मग ती म्हणाली, "साहेब, निंदन हातानं नाई होत. बसल्यानं होते. सकाळपासून सांजेलोक उकिडवं बसा लागते अन् बसल्या बसल्या पुढं सरका लागते. तुमी कधी केलं नाई म्हून तुमाले वाटते हातानं होते." ती न्यायाधीशांकडे वळली. "दाखवू का?"

वकील काहीतरी म्हणायला उठले. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "दाखवा."

माय पिंजऱ्यातून खाली आली. लुगडं खोचलं. उजवा पाय दुमडत ती खाली जाऊ लागली, आणि डावा पाय तसाच समोर, सरळ, लाकडासारखा राहिला. ती एका बाजूला कलली, हात जमिनीवर टेकला, तरी पुन्हा प्रयत्न केला. तिच्या कपाळावर घाम आला होता. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. दारातल्या बायांमधून कोणाचा तरी हुंदका आला. मी उठले, पण वकीलबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"उठा, बाई," न्यायाधीश म्हणाले. आवाज अगदी हळू. मग त्यांनी लघुलेखकाला सांगितलं, "लिहा. साक्षीदारानं न्यायालयासमोर उकिडवं बसण्याचा प्रयत्न केला. तिला बसता आलं नाही."

कंपनीच्या वकिलांनी आणखी प्रश्न विचारले नाहीत. मायला उठवायला पहिला हात त्यांचाच पुढे आला. तिनं तो घेतला.

निकालाच्या दिवशी बाया पुन्हा आल्या. निकाल मराठीत होता. वकीलबाईंनी रक्कम सांगितली, ती बाबांनी दोनदा विचारून घेतली. मायनं रक्कम नाही विचारली. ती मला म्हणाली, "त्यात मले काय म्हनलं ते वाच."

आवारातल्या कडुलिंबाखाली मी वाचलं. अर्जदार ही शेतमजूर होती हे सिद्ध झालं आहे. पायाचं अपंगत्व प्रमाणपत्राप्रमाणे काही टक्के असलं, तरी खुरपणीचं काम तिला यापुढे अजिबात करता येणार नाही, म्हणून त्या कामातली तिची कमाई पूर्ण बुडाली असं धरावं. शिवाय ती घरात जे काम करते त्यालाही मोल आहे.

"फिरून वाच," मुकादमबाई म्हणाली.

मी फिरून वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या आणि कोर्टातला शिपाई बघायला बाहेर आला. माय हसत होती. त्या धडकेनंतर तोंड भरून हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. मग आम्ही बसस्टँडवर गरम जिलेबी घेतली, आणि परतीच्या एसटीत दहा बाया एकमेकींना सांगत होत्या की वकिलाचं तोंड कसं झालं होतं. प्रत्येकीच्या सांगण्यात ते निराळं झालं होतं.

आता आमच्या घराच्या पडवीत पिठाची चक्की आहे. ते उभ्यानं करायचं काम आहे. माय पट्टा चढवते, दळण टाकते, आणि मशीनच्या आवाजाच्याही वर ओरडून गावभरच्या गप्पा मारते. मागच्या हंगामात शेजारच्या वस्तीतल्या एका मजुराची बोटं मळणीयंत्रात गेली. यंत्राच्या मालकानं त्याला सांगितलं होतं, तुझीच चूक, तुला काही मिळत नाही. त्याची बायको चक्कीवर आली. मी तिला सांगायला लागले की रस्त्यावरच्या अपघाताचा कायदा वेगळा, कामावर झालेल्या इजेचा वेगळा, पण हक्क दोन्हीकडे आहे.

मायनं मला मधेच थांबवलं. पिठानं पांढरे झालेले हात पदराला पुसले आणि चक्की बंद केली.

"तुले कायद्याचं नंतर सांगते मायी पोरगी," ती त्या बाईला म्हणाली. "आधी सांग, दवाखान्याचे कागद ठेवले का सांभाळून? नाई? मंग चाल, आधी ते आनू."